पहिली जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना

सदनिका २०३: काका, नमस्कार. मुंबईतील एका परिचितांकडे १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार विकाऊ आहे. इंजिन सुरेख चालते, रंगही नुकताच दिला आहे. ती रत्नागिरीत आणून जपावी अशी फार इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

सदनिका १०१: रंग नुकताच दिला आहे, याचीच मला काळजी वाटते. एमजीबीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. सारा भार बॉडीचा पत्रा पेलतो आणि त्यात मोठा वाटा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांचा, म्हणजे सिलचा, असतो. त्या आतून कुजल्या, की वरून लांबी (पुट्टी) भरून कितीही गुळगुळीत रंग दिला तरी गाडी मधोमध खचू लागते आणि दारे नीट लागत नाहीत. त्यामुळे दारांच्या फटी आधी पाहा, मग छोटे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सिलवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. लांबी जाड असेल तिथे ते धरत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय व्यवहाराचे बोलूच नका. हे मी सोसून शिकलो आहे. माझी पहिली हेरल्ड मी इंजिनाच्या आवाजावर भुलून घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर रंगाला फोड येऊन स्क्रू ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला. इंजिन मिस्त्री उतरवून पुन्हा बांधू शकतो. कुजलेली बॉडी सावरणे फार खर्चाचे आणि वेळखाऊ असते.

सदनिका २०३: पावसाळ्यात आपल्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या आवरणाखाली ठेवली तर चालेल का?

सदनिका १०१: मुळीच नको. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि पत्र्याला घाम सुटतो. आपले पार्किंग चहूबाजूंनी उघडे असल्याने खारा वाराही थेट आत येतो. बंद, हवेशीर गॅरेज भाड्याने घ्या, सिलच्या आत गंजरोधक मेण मारून घ्या आणि किनाऱ्याने फिरून आल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुने रबरी पाइप टिकत नाहीत, तेही बदलावे लागतील.

सदनिका ३०२: कागदपत्रांचे काय?

सदनिका १०१: आरसी बुकातील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. नोंदणी २०२१ च्या व्हिंटेज, म्हणजे फार जुन्या गाड्यांच्या, नियमांखाली असेल, तर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. दर रविवारी गणपतीपुळ्याला जाणे त्यात बसत नाही. येत्या शनिवारी मी तुमच्याबरोबर मुंबईला येतो. तोवर बयाणा देऊ नका.