पोर्ट : शब्द एक की चार?

जयगडकर : काल मुलाचा अभ्यास घेताना अडलो. पेनड्राइव्ह खुपसायची खाच ती पोर्ट, आमच्या जयगडला आहे ते पोर्ट, जहाजाची डावी बाजू पोर्ट आणि बाटलीतली वाइनही पोर्टच! माझ्या मते हे चार वेगळे शब्द, उच्चार तेवढा योगायोगाने एक. आपल्या 'बंदर'चा बघा, असला घोळ नाही.

मिरकरवाडा : योगायोग कसला? बंदराचा पोर्ट लॅटिन 'पोर्तुस'वरून. वाइनचं नाव पोर्तुगालच्या पोर्तो शहरावरून, आणि पोर्तो म्हणजे बंदरच. डावी बाजू? जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या अंगाला असे, म्हणून ते अंग 'स्टारबोर्ड', सुकाणूची बाजू. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून डावं अंग बंदराला लावायचं. चारातले तीन एकाच बंदरात सापडले की नाही?

जयगडकर : डाव्या बाजूला आधी 'लार्बोर्ड' म्हणत. वाऱ्यात ओरडताना ते नि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून 'पोर्ट' केलं. हुकमाने चिकटवलेला अर्थ तो!

मिरकरवाडा : हुकमाच्या कितीतरी आधीपासून खलाशांच्या तोंडी 'पोर्ट' होतंच. नौदलाने फक्त शिक्का मारला.

दर्यावर्दी : खाचेचं राहिलंच. ती 'पोर्ता'वरून, म्हणजे दरवाजा. तोफेचं तोंड बाहेर काढायला जहाजाला ठेवत त्या झरोक्यालाही पोर्टच म्हणतात. आता पोर्ता आणि पोर्तुस लॅटिनमध्ये भाऊबंद, दोन्हींच्या मुळाशी आरपार जाणं. पण इंग्रजीत दोन वेगळ्या वाटांनी आले, म्हणून मी दोन शब्द मोजतो. चार नाहीत, एकही नाही. आणि जयगडकर, 'बंदर' फारसी आहे हो. आमच्या बोटीवर नवीन आलेल्या नेपाळी पोराला 'बंदरावर ये' म्हटलं, तर तो विचारतो, माकडं कुठे आहेत?

जयगडकर : तो नेपाळीचा घोळ, मराठीचा नव्हे.

मिरकरवाडा : बरं, मग 'धक्का' घ्या. बोट लागते तोही धक्का, गर्दीत बसतो तोही. मराठीचाच ना?

मालवणचो : माझो बापूस तांडेल होतो. इंग्रजीचो गंध नाय. पण रातचो समोरच्या बोटीचो तांबडो दिवो दिसलो की सांगी, ह्यां तिचां डावां अंग. पोर्ट म्हणा नायतर लार्बोर्ड, दिवो तांबडोच.

जयगडकर : दोनवर आलो. एकवर येणार नाही.