मदत हवी आहे: समुद्रफेसाचे (माकुलाच्या पाठीतल्या पांढऱ्या कवचाचे) पदर मोजून माकुलाचं वय काढता येतं का?

नमस्कार मंडळी,

मत्स्यशास्त्रात एमएससी करते आहे. प्रबंधाचा विषय सेपिया फॅराओनिस, म्हणजे अंगावर वाघासारखे पट्टे असलेलं मोठं माकूल (कटलफिश), त्याचं वय आणि वाढ. नमुने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या मासळीतून घेते.

लांबी आणि वजनाची आकडेवारी चांगली जमली आहे. अडलंय ते वयापाशी. फायसॅट या संगणक-प्रणालीत लांबीचे आकडे घालून एलिफान, म्हणजे लांबीवरून वाढ काढायचं गणित, चालवलं की वाढीचा वक्र येतो, पण त्यावर माझा विश्वास बसत नाही. या माकुलांचा विणीचा काळ लांबलचक, त्यामुळे एकाच महिन्याच्या नमुन्यात दोन-तीन पिढ्या मिसळलेल्या असतात. शिवाय नर मादीपेक्षा मोठा होतो. त्यात जून-जुलैच्या पावसाळी बंदीत नमुनेच मिळत नाहीत. ज्याचं आयुष्य जेमतेम वर्षाचं, त्याच्या नोंदीत दोन महिन्यांचं भगदाड फारच मोठं.

म्हणून नजर समुद्रफेसाकडे गेली. माकूल साफ करणाऱ्या बायका तो बाजूला टाकतात, त्यामुळे हवा तितका मिळतो. त्याची लांबी पाठीच्या लांबीच्या जवळपास असते, म्हणजे डोकं-आतडं गेलं तरी आकाराचा अंदाज राहतो. उभा चिरला की पदर भिंगाखाली स्वच्छ दिसतात. १९६३ साली 'नेचर'मध्ये चो यांनी हे पदर रोज एक या हिशोबाने पडतात असं मांडलं होतं. नंतरच्या लेखांत मात्र विरोध दिसतो. आपल्या कोमट पाण्यात हा हिशोब धरावा का? की स्टॅटोलिथच, म्हणजे डोक्यातले तोल सांभाळणारे बारीक खडे, काढावे लागतील? कुणी हाताने काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

पदरांवरून दिवस मोजू नका. बेटेनकोर्ट आणि गेर्रा यांनी टाकीत वाढवलेल्या सेपिया ऑफिसिनालिस या दुसऱ्या जातीच्या माकुलावर हेच तपासलं (२००१). स्टॅटोलिथमधली वलयं दिवसाला एक पडली. समुद्रफेसाचे पदर मात्र पाण्याच्या तापमानाप्रमाणे भरभर किंवा सावकाश पडत गेले. उपासमार झाली तरी त्यांचा वेग बदलतो. आणि काही पदर अंड्यातच तयार झालेले असतात, तेही मोजणीत येतात.

तरी समुद्रफेस फेकू नका. दक्षिण ऑस्ट्रेलियात स्पेन्सर आखातातल्या सेपिया अपामा या माकुलाच्या फेसात उन्हाळ्यात पदर विरळ आणि थंडीत दाट दिसले. त्यावरून काही माकुलं पहिल्याच वर्षी विणीला येतात आणि काही आणखी एक वर्ष थांबतात, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे पाण्याच्या तापमानात तेवढा फरक नसतो, पण वाढ कधी मंदावली हे फेस सांगू शकेल.

एलिफानबद्दलची तुमची शंका रास्त आहे. जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली स्क्विडवर ते तपासलं, तेव्हा वाढ चुकीची आली होती.

प्रतिसाद २

स्टॅटोलिथसाठी डोकं हवं, म्हणून साफ करायला जाण्याआधीच अख्खं माकूल घ्या. लिलावापाशीच एखाद्या मावशींशी बोलून ठेवा. डोकं उलटं धरून फनेल (पाणी बाहेर सोडायची नळी) बाजूला सारा आणि खालची कूर्चा ब्लेडने पातळ पातळ कापत जा. दोन पोकळ्यांत एकेक पांढरा खडा दिसेल. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात ठेवू नका, खडा विरघळतो. ७० टक्के अल्कोहोल चालेल. मग काचेवर चिकटवून दोन्ही बाजूंनी घासायचं. स्क्विडपेक्षा सेपियाचा खडा वाचायला खूप कठीण, मोठ्या माकुलात तर कडेची वलयं एकमेकांत शिरतात. म्हणून लहान आकारापासून सुरुवात करा आणि लांबी न बघता दोघांनी वेगवेगळं मोजा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एलिफानचा वक्र आता फक्त तुलनेपुरता ठेवते. एक अजून विचारायचं आहे: जाळ्यांना आणि दोरांना चिकटून येणारे अंड्यांचे घोस आणून पिल्लं वाढवली तर जन्मतारीख माहीत असलेले खडे हाती येतील. केरळात विझिंजमला ही जात अंड्यापासून वाढवली गेली आहे. पिल्लांना पहिले काही दिवस जिवंत खाद्य म्हणून मायसिड (कोळंबीसारखे बारीक जीव) कोकणात कुठे मिळतील?