लिव्हरपूलचा बीटल्स सप्ताह: वडिलांना घेऊन पहिल्यांदाच जात आहे

मुलुंड_ते_लीड्स

नमस्कार. मी सहा वर्षांपासून लीड्समध्ये नोकरीनिमित्त राहतो. येत्या ऑगस्टमध्ये माझे वडील माझ्याकडे येणार असून, त्यांना साठच्या दशकातल्या बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदाच्या नावाने लिव्हरपूलला भरणाऱ्या 'इंटरनॅशनल बीटलवीक' या सप्ताहाला न्यावे असे माझ्या मनात आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. थोरल्या काकांनी आणलेल्या तबकड्या चावीच्या ग्रामोफोनवर ऐकत ते मोठे झाले आणि निवृत्तीनंतर तर त्यांचा सकाळचा चहाही बीटल्सशिवाय होत नाही. तरीही मी बेत सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, "चौघांपैकी दोघे गेले, उरलेले दोघे तिथे येणार नाहीत, मग आठवडाभर नकलाकारांना ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचे?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ज्यांनी हा सोहळा प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे.

त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आठवडाभर थांबावे की दोनच दिवस पुरेत, हाही प्रश्न आहे. शिवाय काकांच्या संग्रहातली बीटल्सची एक मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी, पार्लोफोन कंपनीचे लेबल असलेली आणि दमदमला छापलेली, आपल्यासोबत न्यायची त्यांची फार इच्छा आहे. ती न्यावी का? तिथे तिचे कोणाला काही वाटेल का?

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलहून मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडला राहते आणि आजवर चार वेळा या सप्ताहाला गेले आहे. आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडले आहे. तिथे येणारे सगळेच वाद्यवृंद विग घालून नक्कल करत नाहीत. जपान, ब्राझील, अर्जेंटिना अशा कुठल्या कुठल्या देशांतून मंडळी येतात. त्यांच्यापैकी काहींना इंग्रजीत दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत, पण गाण्यातला प्रत्येक उच्चार आणि तिहेरी स्वरमेळातला मधला सूर त्यांनी इतका घोटलेला असतो की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. शिवाय बीटल्सने ऑगस्ट १९६६ नंतर दौरेच बंद केले, त्यामुळे त्यांच्या उत्तरकाळातली बहुतेक गाणी खुद्द त्यांनीही कधी श्रोत्यांसमोर वाजवली नाहीत. पितळी वाद्ये आणि तंतुवाद्ये घेऊन ती गाणी रंगमंचावर उभी राहताना ऐकणे ही नक्कल म्हणावी की प्रयोग, हे बाबांनी ऐकून ठरवावे.

आठवडाभर थांबू नका. ऑगस्टअखेरच्या सोमवारच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) लागून येणारा रविवार धरा. लाइम स्ट्रीट स्थानकाजवळच्या ॲडेल्फी हॉटेलात त्या दिवशी मुख्य संमेलन भरते. एका दालनात जुन्या वस्तूंचा बाजार, दुसऱ्यात मुलाखती, तिसऱ्यात गाणी, असे सगळे एकाच छपराखाली असल्यामुळे गुडघ्यांना ते सोसवते. लीड्सहून थेट गाडी मिळते, पण त्या शनिवार-रविवारी राहण्याचे दर अंगावर काटा आणतात, तेव्हा खोली आजच पाहा. वडिलांचा व्हिसा अजून व्हायचा असेल, तर प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही, हे लक्षात ठेवून उरलेली आखणी करावी.

सोनचाफा

मी थोडे विरोधी मत नोंदवतो. मी वडिलांसोबतच गेलो होतो आणि बीटल्स सुरुवातीच्या काळात जिथे गात, त्या कॅव्हर्न क्लबमध्ये आम्ही वीस मिनिटेही थांबू शकलो नाही. जिने उतरून तळघरात जावे लागते, आत खच्चून गर्दी असते आणि बसायला जागा मिळणे नशिबाचा भाग. त्यातही हे मूळ तळघर नव्हे. भूमिगत रेल्वेला हवा पुरवणाऱ्या विवरासाठी मूळ क्लब १९७३ मध्ये बंद करून बुजवण्यात आला आणि आजचा क्लब जुन्या विटा वापरून १९८४ मध्ये पुन्हा उभारला गेला. ज्या भिंतीवर हात ठेवून लोक गहिवरतात, तिच्यासमोर १९६३ मध्ये कोणी गात नव्हते, एवढे माहीत असलेले बरे.

माझ्या वडिलांचे डोळे भरून आले ते दुसऱ्याच ठिकाणी. वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने चौघांपैकी पॉल मॅकार्टनी यांचे फोर्थलिन रोडवरील घर आणि जॉन लेनन जिथे वाढले ते त्यांच्या मावशीचे 'मेंडिप्स' हे घर जपले आहे. तिथे आगाऊ नोंदणी करून, ट्रस्टच्या छोट्या बसनेच जाता येते आणि आत छायाचित्रे काढू देत नाहीत. ही मनाई मला सुरुवातीला जाचक वाटली होती, पण तिच्यामुळेच सगळे जण फोन खिशात ठेवून पाहत होते. बैठकीची खोली आपल्या चाळीतल्या खोलीहून फार मोठी नाही. वडील तिथे दारात उभे राहून बराच वेळ काही बोललेच नाहीत. सप्ताहाच्या काळात या नोंदण्या लवकर भरतात, म्हणून संमेलनाच्या तिकिटाआधी ही तिकिटे घ्यावीत, असा माझा सल्ला आहे. लिव्हरपूलच्या वूल्टन या उपनगरातले सेंट पीटर्स चर्चही पाहा. ६ जुलै १९५७ रोजी तिथल्या जत्रेच्या दिवशी जॉन आणि पॉल यांची पहिली भेट झाली.

जुनी_तबकडी

तबकडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्या प्रश्नाकडे वरच्या दोन्ही उत्तरांत दुर्लक्ष झाले आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपले होते. बीटल्सची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्ये आली, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांची ७८ ची तबकडी कधी निघालीच नाही. आपल्याकडे मात्र अनेक घरांत वीज पोहोचली नव्हती, चावीचे ग्रामोफोन चालू होते, आणि म्हणून कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ वर छापली जात राहिली. लिव्हरपूलच्या माणसाला ही गोष्ट प्रथम खोटीच वाटते. ॲडेल्फीच्या बाजारात मी एकदा अशी तबकडी पिशवीतून बाहेर काढली, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी हातातले गिऱ्हाईक सोडून चष्मा पुसला होता. पुढचा अर्धा तास आम्ही चावीच्या ग्रामोफोनबद्दल बोलत होतो. "तिथे कोणाला काही वाटेल का" याचे उत्तर यातून मिळावे.

आता काळजीचे मुद्दे. ही तबकडी लाखेची असते, हातातून पडली की संपली. सामानात मुळीच देऊ नका. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून, उभी धरून, हातातल्या बॅगेतच न्या. धूळ काढण्यासाठी स्पिरिट वापरण्याचा मोह बाबांना होऊ देऊ नका, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. मऊ कोरडा कपडा पुरेसा आहे. तिथे कोणी आधुनिक यंत्रावर लावून पाहू म्हणाले, तर ७८ साठीची वेगळी, जाड सुई आहे का हे आधी विचारा. पोलादी पिनांवर वर्षानुवर्षे वाजल्याने खाचा झिजलेल्या असतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आणखी एक. पहिल्या तासात कोणी किंमत सांगितली तर फक्त ऐकून घ्या. विकायचीच असेल तर निदान तीन टेबलांवर दाखवा. उलट तिथे स्वाक्षऱ्या विकत घेण्याच्या फंदात पडू नका. चौघांच्या नावाने त्यांचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि माल इव्हान्स हेही सह्या करत असत, हे जगजाहीर आहे, आणि निव्वळ बनावट सह्यांची तर गणतीच नाही.

मुलुंड_ते_लीड्स

सर्वांचे मनापासून आभार. वरची उत्तरे मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. ७८ ची हकिकत ऐकून ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले की काकांनी त्या तबकडीला दर रविवारी स्पिरिटनेच पुसले असावे, कारण एक बाजू केवळ खरखरते. विकण्याचा प्रश्नच नाही, असेही त्यांनी बजावले आहे. रविवारचे संमेलन आणि सोमवारी दोन्ही घरे, असा बेत करत आहे. बाबांची एक शंका उरली आहे: तिथल्या लोकांशी बोलायला आपल्याकडे तबकडीखेरीज काय आहे?

मर्सीकाठ

भरपूर आहे. बीटल्सच्या १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत यांचे नाव छापले आहे, आणि त्या काळी बाहेरच्या वादकांची नावे बीटल्सच्या वेष्टनांवर सहसा येत नसत. जानेवारी १९६८ मध्ये चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांसोबत ध्वनिमुद्रण केले, त्यांत पंडित शिवकुमार शर्मा होते. संमेलनात जॉर्जचे भक्त हमखास भेटतात. बाबांनी फक्त 'मुंबई' म्हणावे, पुढचे प्रश्न समोरचाच विचारील. आणि खरखरणारी बाजू खाली ठेवून तबकडी दाखवायला सांगा.