सलग सहा मॅच हरलोय, कॅप्टनशिप सोडू का?

सिली_पॉइंट:
क्लबच्या टीमचा कॅप्टन आहे. सहा मॅच सलग गेल्या, ते एकवेळ चालेल पण माझी स्वतःची बॅटिंगच गेलीय हो. क्रीजवर उभा असतो आणि डोक्यात चालू असतं की पाचवा बोलर कोण, ज्याला टीमबाहेर बसवला तो अजून बोलत नाहीये, नॉनस्ट्रायकर ओरडला की जाग येते. ड्रेसिंगरूममध्ये शिरलो की गप्पा बंद. मागच्या सीझनला मीच त्या गप्पांत बसून कॅप्टनला शिव्या घालायचो 😅

नाईट_वॉचमन:
सोडून मोकळा हो. इंग्लंडचा बोथम १२ टेस्ट कॅप्टन होता, एकही जिंकला नाही. १९८१ ला लॉर्ड्सवर दोन्ही डावांत भोपळा, कॅप्टनशिप सोडली आणि पुढच्याच टेस्टला हेडिंग्लीत नाबाद १४९!

गुगली७७:
बोथम सगळ्यांना पाठ असतो. त्या १२ पैकी ९ टेस्ट वेस्ट इंडीजशी होत्या, आणि तेव्हाची वेस्ट इंडीज म्हणजे काय ते सांगायला नको, तिथे कॅप्टन कोणीही असता तरी काय उखाडलं असतं? आणि ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन किम ह्यूज? १९८४ ला रडत राजीनामा दिला, पुढच्या दोन टेस्टमध्ये रन ०, २, ०, ०. उलट इंग्लंडच्या रूटने २०२१ मध्ये कॅप्टन असताना टेस्टमध्ये १७०८ काढले आणि टीम तरी मारच खात होती. तेव्हा सोडलं की बॅट चालेल हे डोक्यातून काढ. सहापैकी किती मॅच तुझ्या निर्णयाने गेल्या ते आधी खरं खरं मोज.

जुना_कीपर:
ते मोजणं वगैरे नंतर. ज्याला बसवलास त्याला तू स्वतः सांगितलंस, की त्याने लिस्टमध्ये वाचलं? मी एकदा नुसती लिस्ट लावली होती, पुढचे दोन महिने स्लिपमध्ये उभं राहून माझ्याशी कोणी बोलेना. आणि बोलिंगचं गणित आदल्या रात्री व्हाइस कॅप्टनबरोबर बसून उरकून टाक, बॅटिंगला जाताना ते त्याच्याकडे सोपवून जायचं.

सिली_पॉइंट:
लिस्टच लावली होती. 🙈 मोजलं पण, दोन मॅच माझ्यामुळे गेल्या, दोन्हीत स्पिनरला उशिरा आणला. बाकीच्या चारमध्ये आम्ही शंभरीच गाठली नव्हती. आज फोन करतो त्याला, उचलला तर.