स्कॅनरमधल्या चॅनलची वर्गवारी कशी लावता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी शिकागोत असतो. माझ्या हँडहेल्ड रेडिओ स्कॅनरमध्ये (रेडिओवरची संभाषणं ऐकायचं यंत्र) 500 चॅनल आहेत, 10 बँकांत, म्हणजे गटांत, 50-50 असे विभागलेले. विमानांचा 118 ते 137 मेगाहर्ट्झचा एएम पट्टा, मिशिगन सरोवरातल्या बोटींचा चॅनल 16 (156.8) आणि हवामानाचा 162.55 हे मी आवडीने ऐकतो. पण एक चॅनल एकाच बँकेत बसतो. वादळाच्या दिवशी हवामान, बोटी आणि ओहेअर विमानतळाचा टॉवर एकत्र हवे असतात. त्यासाठी तेच चॅनल दुसऱ्या बँकेत पुन्हा भरावे लागतात आणि जागा उगाच वाया जाते. तुम्ही बँका विषयानुसार लावता की प्रसंगानुसार?

शिवाय स्कॅनरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचंय. त्यात भरलेले चॅनल पुसले जातात का? बॅकअप कशात घेता? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.