जुन्या कपड्यांतून वडिलांसाठी वस्तू शिवायच्या आहेत: कापड, मापं आणि चुका

उसवलेली_टीप:
वडील ८१ वर्षांचे आहेत. वॉकरने चालतात, बाकी वेळ खुर्चीत. बोटं वळत नाहीत म्हणून शर्टाची बटणं लागत नाहीत, जेवताना सांडतं, लघवीची पिशवी लावलेली आहे. हाताशी सामान सगळं सेकंडहँड: तीन जीन्स, दोन सुती डबल चादरी, चार टर्किश टॉवेल, बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा, काही पुरुषी शर्ट. मशीन साधं आहे, सरळ टीप आणि झिगझॅग एवढंच. सलग वेळ मिळतो तो वीसेक मिनिटं. कशापासून काय शिवावं, आणि काय शिवूच नये?

गोट_आणि_अस्तर:
आधी कापड तपासा, मापं नंतर. चादर उजेडासमोर धरा. मधला भाग, जिथे अंग टेकतं, तो जवळजवळ नेहमीच झिरझिरीत झालेला असतो. कडेचा हातभर पट्टा मात्र मजबूत राहतो. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्यावर ताणा. चरचर आवाज आला तर ते फक्त आतल्या थरात वापरा, शिवण पडेल तिथे नाही. नवी टीप जुन्या कापडावर टिकते, पण टिपेच्या शेजारचं कापडच फाटतं. म्हणून टाका ३ मिमीपेक्षा बारीक नको.

शिवणी, नेफे आणि खिशांचे कोपरे उलटून ढेकूण किंवा काळे ठिपके आहेत का ते बघा. मग सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर नको, पाणी शोषून घेणं कमी होतं.

सुती की पॉलिस्टर कळत नसेल तर दोन धागे चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सुती धाग्याची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. अंगाला लागणाऱ्या बाजूला सुतीच ठेवा.

एक गोष्ट सुटते ती म्हणजे गोट, म्हणजे कड झाकायला दुमडून शिवलेली पट्टी. गोटाची पट्टी नवी आणि न धुतलेली असेल तर पहिल्या धुण्यात ती आटते, जुनी चादर आटत नाही, आणि सगळी कड चुणते.

सुईघर:
जेवणाच्या एप्रनपासून सुरुवात करा, सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच. तयार माप ४५ सेंमी रुंद, ७५ सेंमी लांब, म्हणजे बसल्यावर मांडी झाकली जाते. वर टॉवेल, मागे पडद्याचं प्लास्टिक. टॉवेल कापल्या कापल्या कडेला झिगझॅग मारा, नाहीतर धागे सुटून मशीनभर कचरा होतो. दोन थर फक्त गळ्याच्या बाजूने जोडा, बाकी तीन कडा सुट्या ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेलं एप्रन दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. खालची ८ सेंमी कड दोन्ही थर एकत्र धरून पुढे दुमडा आणि फक्त दोन बाजूंना टीप मारा, सांडलेलं त्या खोळीत पडतं. प्लास्टिक खोळीच्या तळापर्यंत गेलंच पाहिजे. नाहीतर गरम चहा टॉवेलमधून पाझरून थेट मांडीवर येतो.

प्लास्टिकला टाचण्या लावू नका, प्रत्येक भोक गळतं. कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. टाका साडेतीन मिमी ठेवा, बारीक टाक्याची रांग पडली की प्लास्टिक तिकिटासारखं फाटतं. मशीनच्या पायाला (सुईपाशी कापड दाबून धरतो तो) चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर कागद ओढून काढा. इस्त्री अजिबात नको, आणि हे एप्रन कोमट पाण्यातच धुवा. गळ्याचं टिचबटण किंवा वेल्क्रो खांद्याच्या बाजूला ठेवा. मानेमागे असलं तर खुर्चीत मान टेकली की टोचतं.

शर्ट: बटणं उसवा आणि तीच बटणं काजांवर कायमची शिवून टाका, बाहेरून शर्ट नेहमीसारखाच दिसतो. वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला वेल्क्रोची मऊ बाजू, खालच्या पट्टीवर बाहेर तोंड करून खरखरीत बाजू. अशाने खरखरीत बाजू कातडीला लागत नाही. प्रत्येक बटणामागे २ सेंमीचा चौकोन पुरतो. सलग पट्टी लावली तर शर्ट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि वाकडा बसतो. हाताला ओढायला जड जात असेल तर चौकोन दीड सेंमीचा करा. डिंकवाला वेल्क्रो शिवू नका, सुईला गोंद चढून टाके सुटतात. धुताना वेल्क्रो लावूनच टाका.

लघवीच्या पिशवीचं कव्हर: पिशवीच्या रुंदीत ४ सेंमी मिळवा, खालची बाजू नळासाठी उघडी ठेवा, आणि पातळी व रंग बघायला पुढे उचलता येणारी झडप ठेवा. पिशवी तिच्या स्वतःच्या हुकावरच टांगा. कव्हर वरून घालायचं, त्याने पिशवीचं वजन पेलायचं नाही, कारण कव्हर निसटलं तर नळी ओढली जाते. नळी दुमडता कामा नये. पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहावी, पण जमिनीला टेकू नये.

कडेची_पट्टी:
काय शिवू नये याचं उत्तर राहिलं. कापडी सपाता नको, पायपुसणी नको, दोन्हीवरून पाय घसरतो. भोकवाली गोल उशी तर बिलकुल नको, भोकाच्या कडेवर दाब वाढतो. बसायच्या किंवा झोपायच्या जागी गोधडीसारखं जाड टाचलेलं काहीही नको. टिपेचा उंचवटा तासन्‌तास एकाच जागी रुततो. चादर दुपदरी करायची असेल तर शिवण अंगाखाली येणार नाही अशी कडेला घ्या. हवेच्या गादीवर (सतत दाबाने व्रण पडू नयेत म्हणून वापरतात ती) जादा थर घातले तर गादीचा उपयोगच कमी होतो. कातडीवरचा लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर शिवणकाम बाजूला ठेवा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा.

उसवलेली_टीप:
वॉकरची पिशवी जीन्सची करतोय. बाजूच्या जाड शिवणीवर दोन सुया मोडल्या.

सुईघर:
१०० नंबरची सुई लावा. शिवण आधी हातोडीने ठोकून चपटी करा आणि तेवढा भाग हाताने चाक फिरवत शिवा. जाड जागेवर चढताना मशीनचा पाय तिरका होतो आणि सुई वाकून पत्र्यावर आपटते. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवली की पाय सपाट राहतो. सगळ्यांत सोपं म्हणजे पिशवीसाठी जीन्सच्या पायाचा शिवण नसलेला सपाट भागच कापून घ्या.

पिशवी ३५ बाय २५ सेंमी, पुढच्या दांडीला बाहेरून, ४ सेंमी रुंद वेल्क्रोच्या तीन पट्ट्यांनी. आत उभे कप्पे करा, नाहीतर चष्मा तळाशी जातो आणि वाकून शोधावा लागतो. सामान भरल्यावर दांडीवरचे हात काढून बघा: मागचे पाय जरासेही उचलले तर वजन जास्त आहे. भरलेली लिटरची बाटली नकोच.

गोट_आणि_अस्तर:
वीस मिनिटांचं गणित: एका दिवशी फक्त कापणं, प्रत्येक वस्तूचे तुकडे वेगळ्या पिशवीत, वर पुढची टीप कुठली ते चिठ्ठीवर. उठताना टाचण्या मोजून डबीत, मशीनची वायर काढून गुंडाळलेली. वॉकरच्या वाटेत वायर असणं टाचणीपेक्षा वाईट. वडिलांना हाताला काम हवं असेल तर चादरीला २ सेंमीची खाच मारून द्या. सुती चादर धाग्यावर सरळ फाटत जाते आणि सरळ कडांच्या गोटाला त्या पट्ट्या चालतात. गळ्याच्या गोलाईला मात्र उरेब पट्टी (धाग्याला तिरकी कापलेली) कापावीच लागेल, सरळ पट्टी तिथे चुण्या धरते.