रायटिंगमध्ये पुन्हा ६! जड शब्दांची यादी पाठ करू की फेकून देऊ?

रातपाळी_सिस्टर:
आयईएल्ट्स अकॅडमिक, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा, दुसऱ्यांदा दिली. स्पीकिंग ७.५, रीडिंग-लिसनिंग ७, रायटिंग पुन्हा ६. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये ६.५ लागतात, बाकी तिन्हींत ७. अर्ध्या बँडसाठी (गुणासाठी) अडकलेय. 'साधे शब्द लिहिता' म्हणून क्लासच्या सरांनी दोनशे जड शब्द दिले. सलाइन संपायची वाट बघत बघत पाठ केले. टास्क २ मध्ये, म्हणजे निबंधात लिहिलं, 'मोबाईल्स हॅव एमेलिओरेटेड द किड्स अ लॉट.' अजून काय करू?

खडू_फळा:
सिस्टर, रागावू नका, पण हे 'सदर पोरट्यांचे मोबाईलमुळे लई उन्नयन झाले' असं वाटतं. अर्धं मंत्रालयातलं, अर्धं पारावरचं. एमेलिओरेट बिघडलेल्या परिस्थितीला लागतं, पोरांना नाही. किड्सचं चिल्ड्रन करा, डोन्टचं डू नॉट. 'गेट' आलं की थांबा: मिळवणं असेल तर ऑब्टेन, होणं असेल तर बिकम. यूजचं यूटिलाइझ मात्र करू नका, उगाच फुगवटा. आणि शब्दसंपदेला चार निकषांतला एकच, २५ टक्के. अर्धा बँड परिच्छेदांच्या मांडणीतही गेला असेल.

लीड्सची_पावसाळी:
मीही याच रांगेत होते गं. मला नर्सिंग नोट्सनी तारलं. तिथे आपण 'गेव्ह इंजेक्शन' लिहितो का? 'ॲडमिनिस्टर्ड' लिहितो. 'थ्रू अप' नाही, 'व्हॉमिटेड'. डॉक्टरांना फोनवर मात्र सरळ, 'सर, उलटी झाली.' म्हणजे लिहायची भाषा वेगळी ठेवायची सवय तुला आहेच, यादी कशाला? इथे ब्रिटनला आल्यावर गंमत उलटी झाली. 'मिक्च्युरिशन'बद्दल (लघवीचा जड शब्द) विचारलं तर आजोबा नुसते बघत राहिले. 'नीड अ वी?' म्हटल्यावर लगेच उठले.

रातपाळी_सिस्टर:
नोट्सचं पटलं ताई! हे डोक्यातच आलं नव्हतं. मग स्पीकिंगलाही डू नॉट म्हणू?

खडू_फळा:
अजिबात नको! समोर माणूस बसलेला असतो, तिथे किड्स, डोन्ट, सगळं चालतं. ७.५ आलेत ना? त्याला हात लावू नका. पुढचा निबंध इथे टाका, २५० शब्दांचा. त्या दोनशेंपैकी एकही नको.